बेटावरचा उंची मुक्काम : निवड कशी करावी?

(कुंभार पिंपळगाव येथे भरलेल्या वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या गावाला समुद्र ठाऊक नाही. दक्षिणेस गोदामाई वाहते, तेवढाच आपला मोठ्या पाण्याशी परिचय. तरीही समुद्रातील एका द्वीपसमूहाचे नाव आपल्या घरोघरी दरवर्षी न चुकता घेतले जाते. मे महिन्याचा तिसरा आठवडा आला, म्हणजे ‘मान्सून अंदमानात दाखल झाला’ या वृत्ताकडे आपले कान लागतात. ते एक वाक्य ऐकले, की बियाण्याची आणि खताची जुळवाजुळव सुरू होते. अंदमान म्हणजे पावसाचे पहिले नाके, एवढेच आपण पिढ्यान्पिढ्या जाणत आलो. आता मात्र काळ पालटला आहे. आपल्या ज्ञातीतील मुले पुण्यास, हैदराबादेस आणि त्याही पलीकडे नोकऱ्या करू लागली. आईवडिलांना एकदा तरी समुद्र दाखवावा, अशी इच्छा त्यांना होऊ लागली. नवविवाहित जोडपी तर मालदीव, मॉरिशस ही नावे घरातल्या गोष्टीसारखी सहज उच्चारतात. म्हणूनच कार्यकारी मंडळाने हा विषय सुचविला, तेव्हा प्रारंभी आम्हांस वाटलेला संकोच आम्ही बाजूस सारला.

संकोच वाटण्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे हॉटेल म्हटले, की बसस्थानकासमोरील चहा-भज्यांचे दुकान डोळ्यांपुढे उभे राहते. मुक्कामाच्या हॉटेलाची चर्चा, आणि तीही उंची हॉटेलाची, ज्ञातीच्या व्यासपीठावर कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु थोडा विचार केल्यास ही चर्चा आपल्या परंपरेला धरूनच आहे, असे दिसून येईल. परगावी गेलेल्या आपल्या माणसाने रात्री पाठ कोठे टेकावी, हा प्रश्न ज्ञातिसंस्थांपुढे फार जुना आहे. पंढरपूर, पैठण, नाशिक या क्षेत्रांत निरनिराळ्या ज्ञातींनी धर्मशाळा बांधल्या, त्या याच चिंतेतून. त्या धर्मशाळांत गाद्यागिरद्या नव्हत्या. पण ज्यांनी त्या बांधल्या, त्यांनी वाट, पाणी, सोबत आणि सुरक्षितता यांचा विचार यात्रेकरूच्या वतीने आधीच करून ठेवलेला असे. यात्रेकरूला निवड करावी लागत नसे. आज बेटावर आपली धर्मशाळा नाही. तो विचार आता ज्याचा त्याने करावयाचा आहे. आणि तो न केल्यास काय होते, हे आम्ही स्वतः भोगले आहे.

आमच्या मातोश्रींची सारी हयात शेतात आणि स्वयंपाकघरात गेली. त्यांची एकच इच्छा होती, समुद्रात पाय बुडवून उभे राहावे. गोदावरीस त्या पर्वकाळी जात. ‘ही सारी नद्यांची पाणी जिथं जातात, ते एकदा बघावं,’ असे त्या म्हणत. मोसंबीचा बहर चांगला विकला गेला, त्या वर्षी आम्ही सर्वांनी अंदमानास जाण्याचे ठरविले. स्वराज द्वीपाच्या पूर्व किनाऱ्यावरील एक उंची निवासगृह आम्ही छायाचित्रे पाहून निवडले. छायाचित्रांत निळे पाणी अगदी ओसरीपर्यंत आलेले होते, पोहण्याचा तलाव होता, नारळीच्या झाडांना झोपाळे टांगलेले होते. दर पाहून छाती दडपली. पण आईसाठी म्हणून मागेपुढे पाहिले नाही.

माघ शुद्ध त्रयोदशीस आम्ही तेथे पोहोचलो. सायंकाळी ऊन उतरल्यावर मातोश्रींना हात धरून किनाऱ्याकडे नेले, तो समुद्र दूर निघून गेलेला! समोर दूरवर खडक, मेलेल्या प्रवाळांचे टोकदार तुकडे आणि मधूनमधून साचलेली डबकी. धडधाकट माणसाने जपून चालावे अशी ती जागा. गुडघ्यांनी अधू झालेल्या वृद्धेला तेथे एक पाऊलही टाकता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ठरलेल्या मोटारीने स्थळे पाहण्यास गेलो, मातोश्री खोलीवर थांबल्या. सायंकाळी पुन्हा तेच खडक. तिसऱ्या दिवशीही तसेच. मातोश्री सज्जात बसून दुरून समुद्र पाहत आणि आम्हांस वाईट वाटू नये म्हणून ‘दिसतो की इथून चांगला,’ असे म्हणत. तिसऱ्या रात्री पाणी घेऊन आलेल्या तेथील सेवकाने सहज विचारले, की आजींना सकाळी का नेत नाही? सध्या सकाळी दहा-अकराला भरती असते. पायऱ्यांशी वाळूवर गुडघाभर पाणी येते.

चौथ्या दिवशी दुपारच्या बोटीने आम्हांस परतावयाचे होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास मातोश्री पाण्यात उभ्या राहिल्या. ओंजळभर पाणी त्यांनी डोळ्यांना लावले, आणि लाट मागे सरताच आमच्या कुटुंबास म्हणाल्या, ‘सूनबाई, पायाखालची वाळू ओढती की गं ही!’ तो आनंद जेमतेम अर्ध्या घटकेचा. त्यानंतर दीड वर्षाने त्या निवर्तल्या. पुन्हा जाणे झाले नाही.

बंधूंनो, भरती-ओहोटी तिथीवर चालते, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. पौर्णिमा-अमावास्येस भरतीस जोर असतो. भरतीची वेळ प्रतिदिनी सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. घरात पंचांग होते, आणि भरतीची छापील वेळापत्रकेही कोणासही मिळतात. पैसे होते, वेळ होता, केवळ विचारणे राहून गेले. तीन दिवस आम्ही ज्या वस्तूसाठी मूल्य मोजले, ती वस्तू रोज सकाळी दाराशी येऊन परत जात होती. आजचे हे भाषण म्हणजे त्या चुकीची अल्पशी भरपाई समजावी.

आता मूळ विषयाकडे वळू. निवासगृह निवडताना पहिला प्रश्न हॉटेलाविषयी नसून स्वतःच्या कुटुंबाविषयी असावा. कोण जाणार आहे आणि त्याची मुख्य इच्छा काय आहे? वृद्धांस पाण्याजवळ सपाट वाळू हवी, पायऱ्या कमी हव्यात, तळमजल्यावर खोली हवी. लहान मुलांस उथळ पाणी हवे. नवविवाहितांस एकांत हवा. या तिन्ही गोष्टी एकाच जागी क्वचितच असतात. बागाईत विकत घेणारा शहाणा मनुष्य पानांच्या हिरवेपणाआधी विहिरीचे पाणी पाहतो. तद्वत तलाव, झोपाळे, संगमरवर ही पाने होत. आपली इच्छा ज्याने पुरी होईल ते पाणी कोणते, हे आधी ठरवावे.

दुसरा प्रश्न ऋतूचा आणि बेटाच्या बाजूचा. आपणांस शेतकामातून उसंत मिळते ती एप्रिल-मे महिन्यांत. परंतु ज्या वृत्ताची आपण येथे चातकासारखी वाट पाहतो, ते तेथील प्रवाशाला मुळीच सुखकारक नसते. अंदमानात मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि त्यानंतर ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंतचा काळ कोरडा आणि समुद्र त्यातल्या त्यात शांत. बाजूही तितकीच महत्त्वाची. स्वराज द्वीपाच्या पश्चिमेस राधानगरचा लांबरुंद वाळूचा किनारा आहे. सूर्यास्त तेथूनच पाहावा. पूर्वेकडील विजयनगर, गोविंदनगर या बाजूस सूर्योदय सुंदर, पाणी संथ, परंतु ओहोटीस खडक उघडे पडतात. एकच बेट, एकच भाडे, पण अनुभव दोन. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घड्याळ आपलेच असले तरी अंदमान फार पूर्वेस आहे. हिवाळ्यात सायंकाळी पाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो. दुपारी चारला निवांतपणे समुद्रावर जाऊ म्हणणाऱ्यास काळोख गाठतो.

मॉरिशसचे गणित निराळे. ते दक्षिण गोलार्धात असल्याने ऋतू उलटे. जून ते सप्टेंबर हा तेथील थंडावा. त्या काळात आग्नेयेकडून वारे जोराने वाहतात, म्हणून पूर्व किनाऱ्यावरील हॉटेलात वाऱ्याचा त्रास अधिक, उत्तर आणि पश्चिम किनारा अधिक निवाऱ्याचा. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चक्रीवादळांची भीती असते. मॉरिशसचा विचार करणाऱ्या आपल्या बांधवांस हेही सांगावेसे वाटते, की १८३४ पासून भारतातून जे मजूर त्या बेटावर उसाच्या मळ्यांत राबण्यास नेले गेले, त्यांत मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांनी मराठी नाव आणि सण टिकवून धरले. गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुटी असते. पाच दिवस हॉटेलाच्या आवारातच काढून तेथील एखाद्या मराठी घराचा उंबरा न पाहता परतणे, हे आम्हांस तरी करंटेपणाचे वाटते.

तिसरा प्रश्न वाटेचा. परतूर किंवा जालना स्थानकावरून सिकंदराबाद, तेथून पुढे चेन्नई अथवा कोलकाता, आणि मग विमानाने दोन-अडीच तासांत श्रीविजयपुरम. हेच पूर्वीचे पोर्ट ब्लेअर. २०२४ साली त्याचे नाव बदलले. चेन्नईहून जहाजानेही जाता येते, पण सुमारे तीन दिवस लागतात. श्रीविजयपुरमहून स्वराज द्वीपास, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकला, बोटीने दीड ते अडीच तास. हवा बिघडली की बोटी रद्द होतात. म्हणून परतीच्या विमानाची आदली रात्र कधीही दूरच्या बेटावरील हॉटेलात काढू नये. ती श्रीविजयपुरम येथेच काढावी. हॉटेल कितीही सुंदर असले तरी धक्क्यापासून ते किती दूर आहे, बोटीतून उतरल्यावर वाहन कोण देणार, बोट रद्द झाल्यास भाडे परत मिळणार काय, हे पैसे भरण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे. लक्षद्वीपला जाणाऱ्याने तर हॉटेलाआधी प्रवेश-परवान्याची चौकशी करावी. तो भारतीय नागरिकांसही लागतो.

चौथा प्रश्न दराचा. हॉटेलाचा दर म्हणजे बाजारातील भाव. आडत, हमाली, तोलाई धरल्यावाचून हाती काय उरते ते कळत नाही, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. मालदीवचे उदाहरण घ्या. १९७२ साली तेथे पहिले निवासस्थान सुरू झाले, तेव्हापासून एक बेट म्हणजे एक हॉटेल अशी रीत पडली. दिवसास ३०० डॉलर असा दर दिसला, तर त्यावर १० टक्के सेवाशुल्क, म्हणजे ३३० झाले. त्यावर जुलै २०२५ पासून १७ टक्के पर्यटन-कर, म्हणजे ३८६. शिवाय मोठ्या निवासस्थानांत दर माणशी दर दिवशी १२ डॉलर हरित-कर, दोघांचे २४. म्हणजे ३०० चे सुमारे ४१० झाले. विमानतळापासून त्या बेटापर्यंत नेणाऱ्या वेगवान बोटीचे किंवा जलविमानाचे भाडे वेगळेच. दूरच्या बेटाला ते कित्येकशे डॉलरांच्या घरात जाते. जलविमान केवळ दिवसाउजेडी उडते. आपले विमान सायंकाळी उतरले तर ती रात्र राजधानी माले येथे अथवा तिच्या आसपास पदरमोड करून काढावी लागते. एकदा बेटावर पोहोचल्यावर पाण्याच्या बाटलीपासून जेवणापर्यंत सर्व त्याच दुकानी, त्याच भावाने. म्हणून दोन्ही वेळचे जेवण धरून दर सांगा आणि सर्व करांसह एकूण आकडा सांगा, ही दोन वाक्ये न विसरता उच्चारावीत. स्वस्त वाटणारी खोली शेवटी महाग आणि महाग वाटणारी खोली शेवटी परवडणारी ठरल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

येथे थोडे स्पष्ट बोलण्याची अनुज्ञा असावी. एका बहराचे सारे उत्पन्न पाच रात्रींत खर्च करणे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. परंतु कर्ज काढून केलेली सहल, किंवा शेजाऱ्याने मालदीव केले म्हणून आपण करावयाची सहल, ही सहल नव्हे. तो लग्नातील मानपानाचाच नवा प्रकार होय. लग्नखर्चाला आळा घालण्याचे ठराव आपण व्यासपीठावर करीत असतो. ते मागल्या दाराने मोडू नयेत. ज्या घरी साधे, स्वच्छ निवासगृह परवडते, त्याने त्यातच राहावे. समुद्र दोघांचाही सारखाच.

पाचवा प्रश्न पाणी, वीज आणि अन्न यांचा. बेटावर गोडे पाणी पावसाचे. उन्हाळ्यात अंदमानातही पाण्याची ओढ लागते. वीज बहुतांशी तेलावर चालणाऱ्या यंत्रांतून येते. बरीचशी भाजी आणि धान्य मुख्य भूमीवरून जहाजाने येते, म्हणून ताज्या भाजीचा दर पाहून दचकू नये. आपल्यापैकी अनेक घरे शाकाहारी आहेत; बेटावरील स्वयंपाक मासळीचा. वेगळी भांडी, उपवासाचे पदार्थ, पथ्याचे जेवण मिळेल काय, हे आधी विचारल्यास बहुतेक ठिकाणी आनंदाने सोय करतात. ऐनवेळी भांडण केल्याने मात्र काही निष्पन्न होत नाही. आणि एक विनंती. आपण टँकरची वाट पाहत मोठे झालेले लोक आहोत. पैसे भरले आहेत म्हणून न्हाणीच्या टाकीत घागरी-घागरी गोडे पाणी ओतून टाकणे आपणांस तरी शोभत नाही.

सहावा प्रश्न प्रकृतीचा. दूरच्या बेटावर प्राथमिक उपचार मिळतात. मोठे रुग्णालय श्रीविजयपुरम येथे आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी औषधे दुप्पट न्यावीत, आणि हॉटेलापासून दवाखाना किती दूर आहे व रात्री वाहन मिळते काय, हे विचारावे. समुद्रात कोठे उतरावे आणि कोठे उतरू नये, याचे फलक असतात. अंदमानच्या खाड्यांत मगरी आहेत, म्हणून फलकांची थट्टा करू नये. शंख आणि प्रवाळ गोळा करून पिशवीत भरू नयेत. कायद्यानेही ते निषिद्ध आहे.

हे सर्व ताडून कसे पाहावे? छायाचित्र नेहमी भरतीच्या वेळी आणि निरभ्र दिवशी घेतलेले असते, हे गृहीत धरावे. ओहोटीच्या वेळचे छायाचित्र मागावे. प्रामाणिक व्यवस्थापक ते देतो. ‘समुद्रदर्शन’ या शब्दाचा अर्थ सज्जाच्या कोपऱ्यातून मान वळवून दिसणारी निळी रेघ असाही असतो. खोलीपासून पाण्यापर्यंत पावले किती आणि पायऱ्या किती, असे विचारावे. दूरध्वनीवर बोलावे, आणि ठरलेले सर्व लेखी मागवून घ्यावे. त्याच महिन्यात तेथे राहून आलेल्या माणसाचा शब्द सर्वांत मोलाचा.

शेवटी एक कर्तव्य. अंदमानास जाणाऱ्याने एक संपूर्ण दिवस श्रीविजयपुरमसाठी राखून ठेवावा आणि मुक्काम सेल्युलर कारागृहाच्या जवळपास घ्यावा. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या कारागृहाच्या सात बाहूंपैकी आज तीनच उरल्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत तेथे होते. त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबारावही तेथेच होते. एकाच छपराखाली असून दोघा भावांची दीर्घकाळ भेट होत नसे. त्या अरुंद कोठडीत दोन मिनिटे उभे राहून मग ज्याने त्याने आपल्या वातानुकूलित खोलीत परतावे. गादी मऊ आहे की नाही, याविषयीच्या पुष्कळ तक्रारी आपोआप मिटतील. समर्थांचे जन्मस्थान जांब आपल्या शेजारी आहे. सारा देश पायी हिंडून, डोळसपणे पाहून परतणाऱ्या पुरुषाच्या परिसरात आपण वाढलो. प्रवास कशासाठी करावा, याचे उत्तर आपणांस दूर शोधावयास नको.

आता एक सूचना मांडून आम्ही आपली रजा घेतो. ज्ञातीच्या कार्यालयात एक साधी वही ठेवावी. जे कुटुंब बाहेर प्रवासास जाऊन येईल, त्याने त्या वहीत आठ-दहा ओळी खऱ्याखऱ्या लिहाव्यात : कोणत्या महिन्यात गेलो, कोठे उतरलो, एकूण खर्च किती आला, वृद्धांस कसे पडले, पाणी दाराशी केव्हा येत होते. स्तुती नको, निंदाही नको. पूर्वजांनी दगड-विटांची धर्मशाळा बांधली. आपली ही कागदाची धर्मशाळा. तिचे पहिले पान आम्ही लिहून आणले आहे, आणि त्यावर माघातील त्या चार दिवसांच्या भरतीच्या वेळा नोंदविल्या आहेत. आमच्या घरी त्या उशिरा कळल्या. आपल्यापैकी कोणाच्या घरी एखादी माउली अजून समुद्र पाहावयाची राहिली असेल, तिला सज्जात बसून वाट पाहावी लागू नये, एवढीच प्रार्थना.

 जय हिंद, जय महाराष्ट्र!